बावीस वर्षांनंतरची तक्रार आणि मुदतीचा प्रश्न : जिल्ह्याच्या मोफत विधी सल्ला केंद्राचा अनुभव

माझी मावसबहीण नऊ ते बारा वर्षांची असताना, म्हणजे २००३ ते २००६ या काळात, घरच्यांच्या ओळखीतल्या एका शिकवणी घेणाऱ्या माणसाने तिच्यावर लैंगिक अत्याचार केले. २०२५ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिने हे पहिल्यांदा घरात सांगितले. त्यानंतर तिने विचारलेला पहिला प्रश्न एवढाच होता, की आता तक्रार करता येते का? या प्रश्नाचे बरोबर उत्तर मिळायला आम्हाला चार महिने लागले. ते शेवटी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत सल्ला केंद्रात मिळाले. त्या सेवेबद्दलचा हा अभिप्राय मी बहिणीने वाचून संमती दिल्यावरच प्रसिद्ध करत आहे. जिल्ह्याचे, कार्यालयाचे आणि कोणाही व्यक्तीचे नाव मुद्दामच दिलेले नाही, कारण अशा गुन्ह्यातील पीडित व्यक्तीची ओळख उघड होईल असे काहीही छापण्यास कायद्याने मनाई आहे.

केंद्रात जाण्यापूर्वी आम्हाला तीन ठिकाणी तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली होती. ती सांगितल्याशिवाय या सेवेचे मोल कळणार नाही. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, पण इतक्या वर्षांनी गुन्हा नोंदवता येत नाही, असे सांगून परत पाठवले. पैसे भरून भेटलेल्या एका वकिलांनी तीन वर्षांची मुदत केव्हाच संपली, असे दोन वाक्यांत सांगितले. एका परिचिताने २०१८ सालची बातमी दाखवून, बाल लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीला मुदतच नसते, असे छातीठोकपणे सांगितले. या तिन्ही उत्तरांमध्ये थोडेथोडे तथ्य होते आणि माझ्या बहिणीच्या बाबतीत तिन्ही उत्तरे चुकीची होती. ज्या माणसाने वीस वर्षे तोंड मिटून घेतलेले असते, त्याला पहिल्याच दारात ‘उशीर झाला’ असे ऐकावे लागले, तर तो बहुधा दुसऱ्या दाराकडे जातच नाही. माझी बहीण गेली, कारण आम्ही दोघीजणी होतो.

केंद्रात प्रवेश मिळवणे सोपे होते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नाही. आधार कार्डाची प्रत आणि एक पानी अर्ज एवढ्यावर काम झाले. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक फलकावर ठळकपणे लिहिलेला होता. आम्हाला त्याच आठवड्यातली वेळ मिळाली आणि पॅनेलवरील एका वकील बाईंनी आम्हाला पाऊण तास दिला. आधी भेटलेल्या वकिलांनी दहा मिनिटेही दिली नव्हती.

वकील बाईंनी सुरुवातीलाच एक कोरा कागद पुढे घेतला आणि त्यावर चार रकाने आखले. पहिल्यात घटनेचे वर्ष, दुसऱ्यात घटनेचे स्वरूप, तिसऱ्यात त्या वर्षी लागू असलेले कलम आणि चौथ्यात त्या कलमाखाली त्या वर्षी देता येणारी जास्तीत जास्त शिक्षा. ‘किती वर्षे झाली’ असा रकाना त्या कागदावर नव्हताच. माझ्या मते या सेवेचे सगळे कौशल्य त्या चार रकान्यांत होते, म्हणून त्यांच्याविषयी सविस्तर लिहिते.

फौजदारी गुन्ह्यांच्या मुदतीचा नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये जवळजवळ तसाच आला आहे. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाची शिक्षा आहे त्याला सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला एक वर्ष, आणि एक ते तीन वर्षांपर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याला तीन वर्षे, अशी ती मुदत आहे. तीन वर्षांहून अधिक कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्याला मुदतच नाही. म्हणजे आमच्या पहिल्या वकिलांनी सांगितलेली तीन वर्षे कायद्यात आहेत, पण ती प्रत्येक गुन्ह्याला नाहीत. पीडित व्यक्ती मूल होती की प्रौढ, याचा या नियमात कोठेही उल्लेख नाही. दिवाणी कायद्यात मूल सज्ञान होईपर्यंत मुदत थांबते. फौजदारी कायद्यात तशी सवलत नाही.

आता पोक्सो कायद्याकडे, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याकडे वळू. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. त्यातील बहुतेक गुन्ह्यांना तीन वर्षांहून अधिक शिक्षा आहे : कलम ८ खाली तीन ते पाच वर्षे, कलम १० खाली पाच ते सात वर्षे, तर कलम ४ आणि ६ खाली जन्मठेपेपर्यंत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ६ खाली मृत्युदंडापर्यंत. साहजिकच या गुन्ह्यांना मुदत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने विधी मंत्रालयाच्या सल्ल्याचा हवाला देऊन जाहीर केले, की पोक्सोच्या कलम १९ मध्ये तक्रार करण्यासाठी कोणतीही मुदत घातलेली नाही. परिचितांनी दाखवलेली बातमी ती हीच. त्या वेळी ती अतिशय मोलाची होती, कारण तिच्यामुळे अनेक प्रौढ माणसांना आपल्या लहानपणाबद्दल बोलण्याचे बळ मिळाले. परंतु मंत्रालयाचे स्पष्टीकरण म्हणजे कायद्यातील दुरुस्ती नव्हे. शिवाय पोक्सोच्या कलम १२ मधील लैंगिक छळाच्या गुन्ह्याला कमाल तीन वर्षे कैद आहे, त्यामुळे त्या गुन्ह्यात तीन वर्षांच्या मुदतीचा मुद्दा बचाव पक्ष उपस्थित करू शकतो. ही खाच आम्हाला वकील बाईंनीच दाखवली. त्यांनी सांगितले नसते, तर आम्ही त्या बातमीवरच विसंबून राहिलो असतो.

बहिणीच्या बाबतीत मात्र खरा प्रश्न त्याहून मागचा होता. तिच्यावरचे अत्याचार २००३ ते २००६ या काळातले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) प्रमाणे ज्या दिवशी कृत्य घडले त्या दिवशी जो कायदा होता त्याच कायद्याने शिक्षा होऊ शकते, म्हणून पोक्सो तिला लागूच होत नव्हता. राहिली जुनी भारतीय दंड संहिता. त्यातील विनयभंगाच्या कलम ३५४ ला फेब्रुवारी २०१३ पर्यंत कमाल शिक्षा फक्त दोन वर्षे होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती पाच वर्षांपर्यंत वाढली. दोन वर्षांच्या शिक्षेला मुदत तीन वर्षे, म्हणजे २००६ मधल्या शेवटच्या घटनेची मुदत २००९ मध्ये संपली. तेव्हा माझी बहीण पंधरा वर्षांची होती. त्या वयाच्या मुलीने पोलीस ठाण्यात जाऊन आपल्या शिक्षकाविरुद्ध तक्रार करावी, अशी त्या कायद्याची अपेक्षा होती. वकील बाईंनी तो आकडा कागदावर लिहिला आणि खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्यानंतर त्यांनी एका प्रसंगाखाली रेघ ओढली. त्याचे स्वरूप इतर घटनांपेक्षा गंभीर होते. त्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही, पण तो बलात्काराच्या प्रयत्नाच्या कलमाखाली येत होता, आणि त्या गुन्ह्याची शिक्षा २००५ मध्येही तीन वर्षांहून कितीतरी अधिक होती. त्याला मुदत नव्हती. त्याच कलम ४६८ च्या तिसऱ्या पोटकलमात एक तरतूद आहे, जी आधीच्या वकिलांनी सांगितलीच नव्हती : जे गुन्हे एकाच खटल्यात एकत्र चालवता येतात, त्यांची मुदत त्यांतील सर्वांत कडक शिक्षेच्या गुन्ह्यावरून ठरते. म्हणजे गंभीर गुन्ह्याशी जोडून चालवता येतील त्या विनयभंगाच्या घटनाही आपोआप मुदतबाह्य ठरत नाहीत. ज्या जोडता येणार नाहीत, त्यांच्यासाठी जुने कलम ४७३ आणि नवे कलम ५१९ आहे. विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण दिले गेले, किंवा न्यायासाठी आवश्यक वाटले, तर मुदत उलटूनही न्यायालय दखल घेऊ शकते, असे ते कलम सांगते. चार महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी ‘नाही’ किंवा ‘हो’ असे एका शब्दात न सांगता, कोणत्या घटनेसाठी ‘हो’ आणि कोणत्या घटनेसाठी ‘कदाचित’, हे समजावून सांगितले.

मुलग्यांच्या बाबतीत जुना कायदा किती तोकडा होता, हेही त्याच बैठकीत कळले. बाहेर बाकावर एक तरुण आईसोबत बसला होता. त्याच्यामुळे विषय निघाला, त्याच्या प्रकरणाबद्दल अर्थातच काही बोलणे झाले नाही. २०१२ पूर्वीचे विनयभंगाचे कलम केवळ स्त्रीलाच लागू होते, त्यामुळे मुलग्याशी केलेल्या लैंगिक चाळ्यांना दंड संहितेत वेगळे नावच नव्हते. साधी मारहाण किंवा हल्ला यांची कलमे लावावी लागत आणि त्यांची मुदत फार तर एक वर्ष असे. गंभीर अत्याचारासाठी कलम ३७७ होते, त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत असल्यामुळे त्याला मात्र मुदत नाही. ज्या मुलग्यांवर त्या काळात अत्याचार झाले, त्यांनी हा फरक जाणकार वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय आपले प्रकरण संपले असे मानू नये.

सेवेचा दुसरा मोठा उपयोग झाला तो पोलीस ठाण्यात परत जाण्याची तयारी करताना. मुदतीचे कलम ‘कोणतेही न्यायालय दखल घेणार नाही’ असे म्हणते. पोलिसांनी गुन्हा नोंदवू नये, असे ते कोठेही म्हणत नाही. मुदत तपासणे हे न्यायालयाचे काम आहे. शिवाय मुदत मोजायची ती तक्रार दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत. न्यायालयाने दखल कधी घेतली ती तारीख त्यासाठी धरायची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सारा मॅथ्यू प्रकरणात २०१३ मध्ये स्पष्ट केले आहे आणि नव्या संहितेनेही ते कलमात घातले आहे. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात असा गुन्हा, दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, हा ललिता कुमारी प्रकरणातील निर्णयही २०१३ चाच. मात्र त्याच निर्णयात असेही म्हटले आहे, की तक्रारीला असाधारण विलंब झाला असेल आणि त्याचे कारण दिलेले नसेल, उदाहरणार्थ तीन महिन्यांहून अधिक, तर पोलीस प्राथमिक चौकशी करू शकतात. म्हणून वकील बाईंनी तक्रारीच्या मजकुराइतकाच वेळ विलंबाच्या कारणांच्या परिच्छेदाला दिला. तो माणूस घरात येत-जात असे, वडील त्याला मान देत, बहिणीने एकदा आईला सांगण्याचा प्रयत्न केला तेव्हा तिला गप्प केले गेले, नंतर लग्न, सासर, पहिले बाळंतपण, आणि समुपदेशकाकडे जाऊ लागल्यावर सुटलेले बोलणे, हे सगळे वर्षांसह लिहिले. लैंगिक गुन्ह्यांत कुटुंबाच्या अब्रूच्या भीतीने तक्रारीला उशीर होतो आणि केवळ त्यावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गुरमितसिंग प्रकरणात १९९६ मध्येच म्हटले आहे. २००७ मध्ये केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते, आणि अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. ओळखीच्या माणसाविरुद्ध मूल लगेच बोलत नाही, हे ज्या घरात असे घडले त्या घराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पोलीस ठाण्याला ते लेखी द्यावे लागते, एवढे खरे.

तो माणूस आजही लहान मुलांच्या शिकवण्या घेतो, हे मी सहज बोलून गेले. वकील बाईंनी तेवढ्यावर थांबून मला पोक्सोचे कलम १९ वाचून दाखवले. गुन्हा घडल्याचे माहीत असेल तर तो कळवणे बंधनकारक आहे, आणि गुन्हा घडण्याची शक्यता वाटत असेल तरीही कळवलेच पाहिजे, अशी त्या कलमाची रचना आहे. बहिणीच्या जुन्या घटनांना पोक्सो लागू नसला, तरी आज त्याच्या घरी जाणाऱ्या मुलांसाठी तो लागू आहे. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर मी त्याच संध्याकाळी माहिती दिली. मी स्वतः शिक्षिका आहे, आणि इतके दिवस हा विचार माझ्या मनात आला नव्हता, याचे मला वाईट वाटते.

नुकसानभरपाईच्या बाबतीत मात्र त्यांनी आम्हाला खोटी आशा लावली नाही. मुदत अधिनियम १९६३ प्रमाणे अल्पवयीन व्यक्तीची दिवाणी मुदत सज्ञान झाल्यावर सुरू होते, पण त्यामुळे मिळणारी वाढ जास्तीत जास्त तीन वर्षांची असते, म्हणजे एकविसाव्या वर्षानंतर तो मार्ग बंद झाल्यासारखाच आहे. राज्याची मनोधैर्य योजना २ ऑक्टोबर २०१३ पासूनची, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका, असेही त्यांनी सांगितले. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये कायदा करून मुदत संपलेले असे दिवाणी दावेही दाखल करता येतील असा काळ खुला केला आणि तो पुढे १४ ऑगस्ट २०२१ पर्यंत वाढवला. त्या दोन वर्षांत दहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले. आपल्याकडे असा कायदा नाही, आणि तो असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता उणिवा, आणि त्या लहान नाहीत. अर्जावर ‘तक्रारीचे स्वरूप’ असा रकाना होता आणि तो खिडकीपाशी, रांगेतल्या लोकांसमोर, तेथील कर्मचाऱ्याला तोंडी सांगून भरावा लागला. बहिणीने ‘कौटुंबिक’ असे सांगून वेळ निभावली, पण बरोबर कोणी नसलेली व्यक्ती तेथूनच परत गेली असती. सल्ल्याच्या खोलीला दार होते, पण ते उघडे ठेवण्याची पद्धत होती. आम्ही विनंती केल्यावर बंद केले गेले. दुसऱ्या भेटीच्या दिवशी आमच्या वकील बाई दुसऱ्या न्यायालयात होत्या आणि त्यांच्या जागी आलेल्या वकिलांना चार रकान्यांचा कागद मिळालाच नाही. बहिणीला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागले. अशा प्रकरणात एकच वकील शेवटपर्यंत राहील, हा नियम या कार्यालयाने स्वतःहून करायला हवा. तिसऱ्या भेटीला मूळ वकील बाई पुन्हा मिळाल्या, तो कागदही एका फायलीत सापडला, पण मधले तीन आठवडे बहिणीला झोप नव्हती.

ज्यांना हा मार्ग घ्यायचा आहे त्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. खटला सरकारी वकील चालवतात. विधी सेवेचा वकील तक्रार नीट लिहून देतो, सोबत येतो, सरकारी वकिलांना साहाय्य करतो आणि न्यायालयाच्या परवानगीने लेखी म्हणणे मांडतो. पोक्सोमध्ये काही गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला असे, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते, ते जुन्या दंड संहितेच्या गुन्ह्यांना लागू नाही, त्यामुळे पुराव्याचे सगळे ओझे तक्रारीच्या बाजूवर असते आणि इतक्या वर्षांनी वैद्यकीय पुरावा नसतोच. आमच्याकडे जन्मदाखला, शाळेचा दाखला, शिकवणीच्या फीचे हिशेब असलेली मावशीची वही, आणि बहिणीने नववीत असताना एका मैत्रिणीला लिहिलेले पत्र होते. मैत्रिणीने ते पत्र जपून ठेवले होते. ते पत्र महत्त्वाचे ठरेल, हेही केंद्रातच कळले.

दुसऱ्यांदा आम्ही त्याच पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा विधी स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या एक ताई सोबत होत्या. या वेळी महिला अधिकाऱ्यांनी साध्या वेशात, वेगळ्या खोलीत जबाब घेतला, गुन्हा नोंदवला आणि एफआयआरची प्रत विनामूल्य हातात दिली. गुन्ह्याची कलमे जुन्या दंड संहितेची आणि कामकाजाची पद्धत नव्या संहितेची, असे त्या प्रतीवर होते. त्यानंतर पंधरा दिवसांनी बहिणीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरही नोंदवला गेला.

या सेवेला मी पाचपैकी चार गुण देईन. कायद्याच्या जाणकारीसाठी पूर्ण गुण, आणि एक गुण कमी तो खिडकी, उघडे दार आणि बदललेला वकील यांसाठी. चारही भेटींत एक रुपयाही खर्च आला नाही. त्याआधीच्या चुकीच्या सल्ल्याला आम्ही दोन हजार रुपये मोजले होते.

कार्यालयाच्या दर्शनी भागात मोफत साहाय्य कोणाला मिळते याचा मोठा फलक आहे, पण लहानपणीच्या अत्याचाराची तक्रार मोठेपणी करता येते, असे त्यावर एका ओळीतही लिहिलेले नाही. ते चार रकाने सोप्या मराठीत फलकावर लावावेत, अशी लेखी सूचना मी तेथील सूचनापेटीत टाकली आणि तिची प्रत सचिवांच्या कार्यालयात देऊन पोच घेतली. फलक अजून लागलेला नाही. पुढच्या महिन्यात बहिणीसोबत जायचे आहे, तेव्हा ती पोच मी सोबत नेणार आहे.